'जनेल' म्हणालात तेव्हा

प्रिय बाबा,

आज आईचा फोन आला, म्हणून लिहायला बसले. दादा तुमचा फोटो फ्रेम करायला डिचोलीला देऊन आलाय. फोटोखाली तुमचे शेवटचे शब्द घालायचे ठरलेत: 'जपून राहा.' दुकानदार उद्या अक्षरं काढणार.

"'रहा' बरोबर काय 'राहा', गो?" आईने विचारलं. "ह्यांका चुकीचां खपायचां नाय."

'राहा' असं सांगितलं मी. शुद्धलेखन बरोबर आहे, बाबा. शब्द तुमचे नाहीत.

तुम्ही जाऊन महिना होत आला. मी अजून रडले नाही. जहाजाच्या ऑफिसात बातमी आली तेव्हा आम्ही भर समुद्रात होतो, पुढचं बंदर पाच दिवसांवर. त्या दिवशीही मी चौदा खोल्या आवरल्या. टॉवेलांचे हंस केले, पलंगांवर ठेवले. एका आजींनी हंस फार सुंदर झालाय म्हणून माझा हात धरला. मी हसले. कशी हसले असेन?

चार महिन्यांची ही सफर. प्रवाशांना रोज नवा किनारा दिसतो. आम्ही राहतो पाण्याच्या पातळीखाली, तिथे दिवस आहे की रात्र ते घड्याळ सांगतं. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. तुम्ही विचारायचात, "केबिनीतून समुद्र दिसतो ना?" आणि मी "हो" म्हणायचे. ते पहिलं खोटं.

आता जहाज अॅमेझॉन नदीत आहे. तुम्ही असतात तर किती विचारलं असतंत! पाणी किती खोल, ओहोटीला गाळात रुतत नाही का, वळणावर भोंगा देतात का? सुर्ल्याहून खनिज भरून मांडवीतून बार्ज नेण्यात तुमचा जन्म गेला. इथली नदी एवढी रुंद आहे की पलीकडचा काठ झाडांची एक रेघ वाटतो. मी बघते आणि मला काही वाटत नाही.

शाळेत घालायच्या आधी तुम्हीच मला घरी शिकवलंत. पडवीत मातीची तांबडी धूळ बसायची, तिच्यावर बोटाने 'ग' गिरवून घेतलात. अभ्यासाच्या तासाला घरातले पोर्तुगिजांकडून आलेले शब्द बंद! मेज म्हटलं की उठाबशा, खुर्चीला कदेल म्हटलं की उठाबशा. "राजभाषा कोकणी झाली, होऊ दे," म्हणायचात, "माझ्या पडवीत तासभर मराठी." एकदा तुम्हीच चमच्याला 'कुलेर' म्हणून गेलात आणि कान धरून दहा उठाबशा काढल्यात. आई हसून हसून खाली बसली होती.

म्हणूनच तसं झालं का हो?

तुम्ही गेलात त्या दुपारी आईने अंथरुणापाशी येऊन फोन तुमच्या कानाशी ठेवला आणि ती पेज आणायला आत गेली. तुम्ही म्हणालात, "जनेल उघड गो." मला वाटलं, गंमत करताय. मी म्हटलं, "बाबा! खिडकी म्हणा. काढा उठाबशा!" तुम्ही थांबलात. मग हळूच म्हणालात, "खिडकी." आणि लाइन तुटली; जहाज बंदर सोडून निघालं होतं.

का ऐकलंत माझं? श्वास पुरत नव्हता, तर तो त्या शब्दावर का घालवलात? मला ओरडायचं होतंत!

आईने विचारलं, शेवटी काय बोलले? माझ्या तोंडून निघालं, 'जपून राहा म्हणाले.' आता ती येईल त्याला तेच सांगते.

काल इथे ब्राझीलच्या मनाउस बंदरात तीन तासांची सुट्टी मिळाली. माझ्या केबिनीतली लुर्दिना मडगावची, तिने ओढून नेलं. नदीकाठच्या एका खाणावळीत मासे तळत होते, धुराने डोळे चुरचुरत होते. चुलीपाशी उभी बाई नवऱ्यावर ओरडली. तिचं पोर्तुगीज मला कळत नाही. एकच शब्द कळला, 'जनेला', म्हणजे आपलं जनेल.

"आयकलें मगे?" लुर्दिनाने कोपर मारलं. "तुजो बाबा हिकाय उठबशो काडूंक लायतलो आसलो!"

उठाबशांचं मी तिला सांगितलं होतं, पुढचं तिला काय माहीत? नवरा हातातलं पत्त्याचं पान टेबलावर टाकून उठला, खिडकीची झडप ढकलली, परत येऊन बसला. धूर गेला. एवढंच करायचं होतं, बाबा. मी तुम्हाला नुसतं 'आईला हाक मारा' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

जहाज संध्याकाळी निघेल, मग सिग्नल जाईल. त्याआधी मी घरी फोन करणार आहे. दादाला सांगेन, फोटोखाली नुसतं नाव घाल. आणि आईला सगळं सांगेन, तुम्ही काय मागितलं होतंत आणि मी काय उत्तर दिलं ते. ती आरडाओरडा करेल, नाहीतर गप्प बसेल. गप्प बसली तरी मी फोन ठेवणार नाही, हे तुम्हाला वचन.

तुमची,
वृंदा