निकाराग्वा, मॉसन लेक्स शाखा

३ मार्च, सोमवार
चारुताने मॉसन लेक्सच्या आमच्या घराच्या ग्रुपवर टाकलं: 'गंधार आपल्या हॉलमध्ये राहणार की जाणार, रविवारी मतदान.' कारण काय, तर माझ्या पाळीला कचऱ्याचा बिन रस्त्यावर बाहेर ठेवला नाही. आत कोलंबीची टरफलं होती, उकाडा आहे, मान्य. पण डार्विनच्या मळ्यांत उन्हात आंबे तोडून आलेल्या माणसाची किंमत बिनवरून ठरवायची? उद्यापासून पहाटे उठणार. कचऱ्याच्या ट्रकची वेळ शोधताना यूट्यूबवर निकाराग्वा लागलं.

४ मार्च
अकराला उठलो. ट्रक गेलेला.
पण काय देश आहे. नवरा-बायको दोघंही राष्ट्राध्यक्ष. मुदत पाच वर्षांची होती, घटना बदलून सहाची केली. निवडणुकीआधी विरोधी उमेदवार आत. मतदान होतं, पण निकालाचं टेन्शन नाही. आणि आपण इथे हात वर करून मोजणार.

५ मार्च
घराची घटना लिहिली. हॉलचा अध्यक्ष मी, मुदत मी ठरवीन. कलम चार: गद्दाराचं नागरिकत्व रद्द, म्हणजे ग्रुपमधून बाहेर आणि चावी परत. हे निमिषसाठी. तो आयटीत, घरून काम करतो. वासाने त्याची मीटिंग बिघडते म्हणे. त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, अध्यक्षमहाराज, आधी बिन धुवा.

७ मार्च, दुपार
मास्टरस्ट्रोक. चारुताला सहअध्यक्ष केलं. घराचं लीज तिच्या नावावर, एवढं राजकारण मला कळतं. हॉस्पिटलच्या शिफ्टवरून दमून आली होती, तरी शांतपणे ऐकलं. विचारलं, सहअध्यक्षाला अधिकार किती? म्हटलं, माझ्याइतकेच. कलम चारसुद्धा? अर्थात. 'नो वरीज,' म्हणाली, सही केली, घटना फ्रिजवर लावली.
विजयाप्रीत्यर्थ कोलंबी केली. टरफलं उद्या बघू.

९ मार्च, रविवार
मतदान रद्द. मी जिंकलो असं वाटलं, पण सहअध्यक्षांनी कलम चार लावलं. माझ्यावर. सकाळी तिने बिनचं झाकण उघडलं होतं म्हणे.
निमिष म्हणाला, विरोधी पक्षाचा पाठिंबा आहे, मेट, सगळं घटनेला धरून चाललंय.
आंतरराष्ट्रीय समुदायाकडे अपील केलं. म्हणजे शेजारच्या श्यामलाकाकूंकडे. त्यांनी गॅरेजमध्ये आश्रय दिला. अट एकच, मंगळवारी तिथला त्यांचा बिन मी बाहेर ठेवायचा. एवढंच? काकूंना राज्यकारभारातलं काही कळत नाही. महिनाभरात किचन माझ्याकडे असेल.

११ मार्च, मंगळवार
ट्रकच्या आवाजाने जाग आली. उठेपर्यंत पुढच्या वळणावर गेला होता.
बिन माझ्या उशाशी.