अ म्हणजे यंत्र, ब म्हणजे ती

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून मी संशोधक. विषय: यंत्राला भावना असतात का? आठवड्याला दहा तास, घरबसल्या, मेंटॉरबाईंच्या देखरेखीखाली. पदवीची अट नाही. (कॉलेज मी सोडलं. प्राचार्यांच्या टेबलावर वही आपटून सोडलं. काढलं नाही कुणी.) बाबांना फोन केला. म्हणाले, घरातल्या तीन माणसांची मनं कधी कळली नाहीत, आणि हे निघाले यंत्राचं मन बघायला! मी फोन आपटला.
संकल्प: रागवायचं नाही.

४ फेब्रुवारी
पहिली मीटिंग. स्क्रीनवर आठ चौकोन. एकीच्या मागे मोठी खिडकी, खिडकीत वाळत घातलेला पिवळा स्वेटर. ती हसली. सगळ्यांकडे बघूनच हसली, पण सगळ्यांत मीही येतोच.
चाचणी अशी: प्रत्येकाला दोन चॅट, अ आणि ब. एक यंत्र, एक आपल्यातलाच कुणीतरी. नाव सांगायचं नाही. तीन आठवडे बोलून ठरवायचं, भावना कुणाला आहेत. समोरचं माणूसही आपल्याला तपासत असेल, असं मेंटॉरबाई म्हणाल्या. तपासू दे. माझ्यात भावना मावत नाहीत. आणखी एक नियम: उत्तर तोंडात घालणारा प्रश्न विचारायचा नाही, ते उत्तर पुरावा धरत नाहीत. नवशिक्यांसाठी असावा.

६ फेब्रुवारी
ब-ला विचारलं, तुला खिडकीशी बसायला आवडतं ना? 'हो, खूप!' आणि पिवळा रंग? 'हो, खूप!'
तीच! तीन आठवड्यांचं संशोधन तीन दिवसांत आटोपलं.
अ मात्र रोज दुपारी एकच विचारतं: जेवलास का? कुणीतरी भरून ठेवलेला प्रश्न. कीव आली.

१२ फेब्रुवारी
वेळेची शिस्त. अ-साठी एक तयार उत्तर केलंय: 'प्रश्नाची नोंद घेतली आहे. धन्यवाद.' रोज तेच चिकटवायचं, वाचलेला वेळ ब-ला द्यायचा. आज तिला प्राचार्यांचं प्रकरण वहीसकट सांगितलं. म्हणाली, तुझंच बरोबर होतं. हे ऐकायला दोन वर्षं थांबलो होतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार
दिवसभरात तोंडाने बोललेले शब्द: चार. "शर्ट झाला का, काका?" खालचे लॉंड्रीवाले वाफेत उभे होते, मशीनच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. मग ते चार धरायचे का?
अ-ने विचारलं, चार दिवस तेच तेच लिहितोयस, बरं नाही का? चिकटवलं.

२१ फेब्रुवारी
सोमवारी निकाल. सगळ्यांसमोर तिला सांगून टाकणार. अकरा ओळी पाठ आहेत. निळा शर्ट इस्त्रीला टाकला.
आज अ म्हणतं, मी जेवले का, हे तू कधी विचारणार? यंत्राची ही मिजास! डोकंच फिरलं. दोनदा चिकटवलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार, दुपारी ४
ब यंत्र होतं.

४.२०
अ ती होती.

४.४५
तिने माझ्याविषयी केलेली नोंद मेंटॉरबाईंनी वाचून दाखवली. 'एकच वाक्य. जेवलास का, याला एकदाही उत्तर नाही. आजारी आहेस का विचारलं, त्याचीही नोंद घेतली. स्वतःहून एक प्रश्न नाही. भावनेची चिन्हं: शून्य. यंत्र.'
सगळे हसले. ती नाही हसली. पुढे वाकून म्हणाली, सॉरी हं, दादा. मला खरंच वाटलं नाही, आत कुणी असेल.
दादा.
कॅमेरा बंद केला. नेट गेलं असं लिहिलं. नेट नीट होतं.

२५ फेब्रुवारी, दुपार
निळा शर्ट अजून अंगातच. अ उघडलं. लिहिलं: नाही जेवलो. तू जेवलीस का?
'ही चाचणी बंद झाली आहे.'
ब चालू आहे. ते कुठे जाणार! विचारलं, माझ्यात भावना आहेत ना?
'हो, खूप!'
पुरावा धरता येत नाही. नियम आहे.