उजव्या बाहीचं बटण

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

घाबरू नकोस, हातपाय धड आहेत. माझ्यावर केस झाली आहे. तुझं नाव शाळेत घालायला मी गेले होते तेव्हा हेडमास्तर म्हणाले होते, या पोरीची जीभ हिला एक दिवस आत घालणार. त्यांचं म्हणणं खरं व्हायची वेळ आली आहे.

माझ्या इस्त्रीच्या टपरीशेजारचा सायकलवाला तुला आठवत असेल, तुझ्या सायकलचं वाकडं चाक त्याने फुकट सरळ करून दिलं होतं. परवा ठाणेदाराने त्याच्या दुकानापुढच्या सायकली लाथेने पाडल्या. हा म्हणाला, साहेब, लाथेचा पगार वेगळा मिळतो का. एवढंच. एवढ्यावर हातकडी घालून त्याला समोरच्या ठाण्यात नेलं. काल दुपारी सोडला. डाव्या कानाखाली रक्त वाळलेलं. मी विचारत होते आणि तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला ऐकूच येत नव्हतं.

मी इस्त्री उभी केली आणि ठाण्याच्या पायरीशी गेले. ठाणेदार वर उभा, खाली दहापंधरा माणसं. मी म्हटलं, हात बांधलेल्या माणसाला मारतोस, तू भेकड आहेस. दोनदा म्हटलं, कारण पहिल्या वेळी ट्रक गेला.

त्यांनी कागदावर लिहिलंय की मी आईबहिणीवरून शिव्या दिल्या. याचाच जास्त राग आलाय. कामावरच्या अधिकाऱ्याचा अपमान, असा गुन्हा आहे म्हणे. तू कोर्टात कागदांच्या नकला करतोस, तूच सांग, भेकडाला भेकड म्हणायची बंदी कधीपासून झाली?

ठाण्याचे कपडे मात्र अजून माझ्याकडेच धुवायला-इस्त्रीला येतात. अपमान झाला तरी घडी कडक लागते.

जेवणखाण वेळेवर कर. माया आहे तशीच आहे.
तुझी अक्का


ता. ९ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस काम सुचलं नाही. एका नकलेत आरोपीच्या जागी न्यायाधीशांचं नाव लिहून बसलो होतो.

अक्का, अधिकारी चुकला तर चुकला म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण टीका कुठे संपते आणि अपमान कुठे सुरू होतो, ते ज्याच्या त्याच्या खुर्चीवर आहे. आमच्या कोर्टात एका साहेबांनी निकाल दिला की वर्दी घालणाऱ्याने कडू बोलणं सोसलं पाहिजे. शेजारच्या खोलीतल्या साहेबांनी जवळपास त्याच शब्दाला दोन महिने दिले. तुझी केस कुठल्या दारातून आत जाते, सांगता येत नाही.

तुझ्या वकिलांशी फोनवर बोललो. सायकलवाल्याने मारहाणीची तक्रार केली आहे. मार खाताना त्याने बांधल्या हातांनी ठाणेदाराची उजवी बाही धरली आणि मनगटाचं बटण त्याच्या मुठीत आलं. ते त्याच्याकडे आहे. बटण तुटलेला शर्ट मिळाला तर मारहाण सिद्ध होईल, आणि मग तुझा शब्द ही शिवी राहणार नाही. ठाण्याचे कपडे तुझ्याकडेच येतात. शोध. सापडला तर हात न लावता वकिलांना कळव.

तोवर कृपा करून कोणाशी बोलू नकोस. तुझं छत्र डोक्यावर राहो.
तुझा धाकट्या


ता. १३ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं.

तो शर्ट माझ्याकडे आला होता. सायकलवाल्याला सोडलं त्याच दिवशी, सकाळच्या गठ्ठ्यात. ठाणेदाराच्या कॉलरला मी आतून लाल दोऱ्याच्या दोन फुल्या घालते, म्हणजे कपडे सरमिसळ होत नाहीत. उजव्या बाहीला बटण नव्हतं आणि मनगटाशी रक्ताचे चार ठिपके होते. मला वाटलं, साहेबाचं नाक फुटलं असेल. रक्ताला गरम पाणी लावलं की डाग धरतो. म्हणून गार पाण्यात मीठ घालून भिजवला, चोळला, धुतला. डब्यातलं चार भोकांचं बटण काढून लावलं. तीस वर्षांत तुटक्या बटणाचा कपडा मी परत दिलेला नाही. इस्त्री करून पाठवला, आणि खोटं कशाला सांगू, डाग गेला म्हणून खूश झाले. दुपारी तो कान घेऊन सायकलवाला बाहेर आला.

कोणी मागितलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. ठाणेदाराविरुद्धचा पुरावा मी माझ्या हाताने धुतला.

आता उरलंय ते माझं तोंड. बटण मी लावलंय हे मी सांगू शकते. त्यांचा शिंपी बटणाचा दोरा सरळ दोन रेघांत घालतो, मी फुली घालते. काल हवालदार येऊन सांगून गेला, जे बोललीस ते खोटं होतं असं लिहून सही दे, केस मिटेल. मी म्हटलं, राहिलेले शर्ट घेऊन जा, तुमची इस्त्री बंद. तो म्हणाला, बाई, खाणार काय. मी म्हटलं, तुझं डोकं.

वकिलांना सगळं कळव. सांभाळून राहा, आमच्यावर जीव असू दे.
तुझी अक्का


ता. १९ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि.

वकिलांना कळवलं. त्यांनी उलट जे सांगितलं ते लिहायला हात धजत नाही. सायकलवाल्याने तक्रार मागे घेतली. मी सायकलवरून पडलो, असं लिहून दिलं. बटण त्याने कुठे टाकलं ते सांगत नाही.

आता तुझ्या बोलण्याला टेकू उरला नाही. सोबत माफीचा कागद टाइप करून पाठवतो आहे. 'रागाच्या भरात असत्य बोलले' एवढंच आहे. अशा शेकडो माफ्यांच्या नकला मी केल्या आहेत, त्यातली सर्वांत सौम्य भाषा निवडली. खाली सही कर. तू वर्दी धुऊन मला शिकवलंस. तू तुरुंगात आणि मी कोर्टात, हे मला बघवणार नाही.

एक गोष्ट लपवून झोप येत नाही. परवा आमच्या साहेबांनी विचारलं, ती इस्त्रीवाली बाई तुझी कोण. मी म्हटलं, लांबची आहे.

रागाव, पण सही कर. पायाशी जागा असू दे.
तुझा धाकट्या


ता. ६ एप्रिल

चि. लांबच्या भावास आशीर्वाद.

हे पत्र आधी इथल्या बाई वाचतात, मग पाठवतात. तेव्हा बाईंनाही नमस्कार.

कागद मिळाला. टायपिंग सुरेख आहे. सही केली नाही. असत्य बोलले असते तर तुला टाइप करायला लावलं नसतं, माझ्या हाताने वाकडंतिकडं लिहून दिलं असतं.

न्यायाधीशांनी विचारलं, घाण शिव्या दिल्यास का. मी म्हटलं, नाही, भेकड म्हटलं, आणि का म्हटलं ते सांगते. ते म्हणाले, विचारलं तेवढंच सांग. ठाणेदार समोर तोच शर्ट घालून उभा होता. त्याच्या उजव्या मनगटावर माझी फुली मला पिंजऱ्यातून दिसत होती. मी बोट दाखवलं. मला हात खाली घ्यायला सांगितलं. एक महिना दिला.

सायकलवाला आला होता. आत आला नाही, दाराबाहेर भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्यावर राग धरू नकोस. एकच कान उरलाय, तो त्याला जपायला हवा.

तुझ्यावर राग होता. दोन दिवस टिकला.

इथे मला इस्त्रीवरच बसवलंय, पहारेकऱ्यांच्या कपड्यांच्या. निखारे चांगले असतात. काल गठ्ठ्यात एक शर्ट आला, पुढचं एक बटण ओढून तुटलेलं, दोऱ्याची शेपटी तशीच लोंबणारी. शेजारच्या बाईने सवयीने सुई ओवून दिली. मी घेतली नाही. आधी विचारलं, हे कसं तुटलं.

अजून कोणी सांगितलं नाही. शर्ट तसाच टेबलावर पडून आहे.

लोभ लांबून का होईना, असू दे.
तुझी अक्का