शब्द क्रमांक एकेचाळीस

३ मार्च, सोमवार

शब्दसूचीची दुसरी आवृत्ती माझ्याच गळ्यात! साहेब म्हणाले, "पहिली तुम्हीच केलीत, आता दुसरीही तुम्हीच निस्तरा." निस्तरा म्हणे! जणू मी काही सांडून ठेवलंय.

व्यवसाय शिक्षणाचे तीनशे बारा शब्द. नऊ वर्षांपूर्वी समितीने चार दिवसांत बसवले होते, चहावर आणि भांडणांवर. सतरा केंद्रांत आजही तेच पुस्तक चालतं. मला त्याचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू? बाकीचे 'क्षमताधिष्ठित मूल्यमापन' वगैरे धोंडे टाकत होते आणि मी एकटी म्हणत होते — अहो, शिकणाऱ्याला कळेल असं लिहा! 'नापास' हा शब्द मीच हाकलला. त्याच्या जागी 'अद्याप सक्षम नाही'. किती जणांचा अपमान वाचला असेल.

केंद्रांकडून आलेल्या सूचनांचा गठ्ठा घरी आणलाय. ताई म्हणाली, "घरात आधीच कमी कागद आहेत का?"

४ मार्च

गठ्ठा चाळला. बहुतेक सूचना म्हणजे शुद्धलेखनाची हौस. एका कागदावर मात्र थांबले. यंत्रशाळेच्या मास्तरांचं अक्षर, पेन्सिलीने — "शब्द क्र. ४१ बदलावा. यापूर्वीही कळवले आहे." बस. कारण नाही, काही नाही.

४१. आयसोलेट करणे : वेगळे करणे.

यात वाईट काय आहे? शेंबड्या पोरालाही कळेल.

६ मार्च

मास्तरांना गाठलं. यंत्रशाळा आमच्याच आवारात, पण नऊ वर्षांत मी तिथे दोनदा गेले असेन. मला शब्द येतात, मशीन येत नाही.

मास्तर कमी बोलतात. मला भिंतीवरच्या मोठ्या खटक्यापाशी नेलं. खटका खाली ओढला, त्याला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. "हे आयसोलेट. आता कुणी काहीही दाबलं तरी मशीनला वीज नाही. तुमचा शब्द काय म्हणतो?"

"वेगळे करा."

"त्यावरूनच पुस्तकात सूचना आली, 'सफाईपूर्वी मशीन वेगळे करा.' तीन वर्षांपूर्वी बेकरीच्या वर्गात एका बाईने केलं ना वेगळं. पीठ मळायचं मशीन बटणावर बंद केलं, रांगेतून बाजूला ओढलं, भोवती चार स्टुलं लावली. मग आत हात घातला. तेवढ्यात भिंतीवरून दुसऱ्या कुणी लाइन सुरू केली."

उजवा हात. मनगटापासून.

मी घरी कशी आले आठवत नाही.

७ मार्च

समितीत आम्ही पाच जण होतो. शब्द माझाच कशावरून? दिवसभर हेच घोकत होते. शेवटी कपाटातून मूळ हस्तलिखित काढलं.

एकेचाळिसाव्या ओळीवर कुणीतरी नीट लिहिलेलं आहे — 'मेनपासून वीज तोडून कुलूप लावणे'. त्यावर आडवी रेघ. बाजूला : 'फार लांब. सोपे लिहा.' हिरवी शाई. समितीत हिरवी शाई एकटीच वापरायची — मी.

अवघड शब्द असता तर कुणी तरी विचारलं असतं, म्हणजे काय हो? सोप्या शब्दाला कोण विचारतं! तो कळल्यासारखा वाटतो आणि माणूस पुढे जातो.

९ मार्च, रविवार

हा शब्द पाठ सोडत नाही. ताई म्हणते, तुझं दूध वेगळं ठेवलंय. दुकानदार म्हणतो, काचेचं सामान वेगळं बांधू का? शेजारीण जिन्यात अडवून सांगते, सून ऐकत नाही, वेगळं राहायचं म्हणते. मी म्हटलं, "राहू द्या ना वेगळं!" इतकं ओरडून की ती बिचारी दोन पायऱ्या खाली गेली.

प्रत्येक वेळी मला हात दिसतो. मी तो कधी पाहिलेला नाही, तरी दिसतो. नखांत पीठ असलेला.

१० मार्च

अपघाताचा अहवाल मागवला. "प्रशिक्षणार्थीने सूचना वाचल्याची सही आहे. सूचना असूनही निष्काळजीपणा." सोबत मूल्यमापनाचा कागद : "अद्याप सक्षम नाही."

अद्याप!

सगळ्या केंद्रांना आजच्या आज पत्र जायला हवं. पण पत्रात कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं की रेघ कुणाची, हे आलंच. जूनमध्ये नवी आवृत्ती येतेच आहे. शब्द गुपचूप बदलला की झालं. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

हे वाक्य लिहिताना मला माझीच किळस आली. तरी खोडलं नाही.

१३ मार्च

तिच्या घरचा पत्ता काढला. निघाले. अर्ध्या वाटेतून परत आले. भित्री आहे मी.

१५ मार्च, शनिवार

गेले.

तिच्या दिराची लॉन्ड्री आहे, तिथे बसते. डाव्या हाताने कपडे निवडत होती. उजव्या बाहीचं टोक आत दुमडून शिवलेलं, अगदी बारीक टाक्यांनी. मी संस्थेचं नाव सांगितलं तर म्हणाली, "सर्टिफिकेट द्यायला आलात की काय, मॅडम?"

सांगितलं सगळं. रेघ, शाई, कुलूप. ती ऐकत होती आणि हात चालूच होता. पांढरे इकडे, रंगीत तिकडे. मग हात थांबला.

"तीन वर्षं मी ते पान डोक्यात वाचतेय. माझी कुठली ओळ सुटली? सासूबाई म्हणतात धांदरट, नवरा म्हणतो नशीब. शेवटी मलाही वाटायला लागलं, असेन मी धांदरट." मग माझ्याकडे न बघता, "म्हणजे मी बरोबर केलं होतं?"

"पुस्तकात होतं तसंच केलंत तुम्ही."

"मग मी पास?"

मला रडू आलं. तिला नाही आलं. तिने मला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि म्हणाली, "ते 'अद्याप' कुणाच्या डोक्यातून निघालं हो? हात परत उगवला की या, असं का?" स्वतःच हसली. तोही शब्द माझाच, हे सांगायचं धाडस झालं नाही.

निघताना म्हणाली, "माफी राहू द्या. तो शेरा तेवढा पुसा. माझ्या पोरीने वाचलाय तो कागद. मी काही सांगायला गेले की म्हणते, आई, तू नको सांगूस, तू निष्काळजी आहेस."

आणि मग, "ते पुस्तक अजून वर्गात आहे?"

"नवं येतंय जूनमध्ये."

"म्हणजे आहे," ती म्हणाली.

१७ मार्च, सोमवार

साहेबांसमोर हस्तलिखित ठेवलं. सगळं कबूल केलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "अहो, नऊ वर्षं पुस्तक चालतंय. शब्द चुकीचा असता तर रांग लागली असती. एकीचाच हात गेला म्हणजे चूक त्या एकीची. दुसरं कुणी दाखवा, शेरा त्याच दिवशी पुसतो."

"आणि केंद्रांना पत्र?"

"आधी सगळीकडच्या अपघाताच्या वह्या मागवू. त्या बघून मग पत्र. घाई कसली आहे?"

म्हणजे तिचा शेरा पुसायला मला दुसरा कुणीतरी हात गमावलेला माणूस हवा. नसला, तर मी सुटले आणि ती अडकली. काय मागू मी? आणि कुणाजवळ?

१९ मार्च

वह्या अजून आलेल्या नाहीत.

२१ मार्च

ताईला सांगितलं. वाटलं होतं, जवळ घेईल, म्हणेल तुला काय ठाऊक होतं बिचारीला. पस्तीस वर्षं नर्स होती ती. भाजीची सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "चुकीचं औषध दिलं गेलं की आधी बाकीच्या खाटा बघायच्या. रडायचं नंतर. तू पंधरा दिवस रडत बसलीस."

२२ मार्च, शनिवार

साहेबांची सही गेली खड्ड्यात! सकाळपासून सतरा केंद्रांना फोन केले. नाव सांगितलं, चूक माझी म्हणून सांगितलं. म्हटलं, ते पान आत्ताच्या आत्ता फाडा, मी फोनवर थांबते. काही ठिकाणी फाडल्याचा आवाजही ऐकू आला. एक जण म्हणाला, "लेखी पाठवा." त्याला अशी काही बोलले की तो फाडून वर "झालं, मॅडम" म्हणाला.

आज जेवले नीट.

२७ मार्च, गुरुवार

वह्या आल्या. तिच्याशिवाय अजून तीन नोंदी आहेत. 'सूचना असूनही निष्काळजीपणा' — तिन्ही ठिकाणी तेच वाक्य. साहेब सही करून मोकळे झाले. तिचा शेरा पुसला.

शेवटची नोंद अकरा मार्चची आहे. मला सहा तारखेला कळलं होतं.