रोहिणीचा सागवानी क्रूस

मी, भिला नथ्थू गावित, वय ७२, धंदा सुतारकाम, राहणार चिंचपाडा, तालुका नवापूर, जिल्हा नंदुरबार, देवबापाला स्मरून, शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. नजर अधू झाली आहे, डोके ठिकाणावर आहे.

१. राहते घर मुलगा नवनीत यास द्यावे. बँकेतील ठेव पत्नी सुंदरबाई हिची. त्या ठेवीला कोणी हात लावू नये, नवनीतनेसुद्धा.

२. वाकस, पटाश्या, रंधा ही हत्यारे नात चारुलता हिला द्यावीत. पोरीच्या जातीला हे कशाला, असे नवनीत म्हणेल. म्हणू द्यावे.

३. हे कलम लांबेल. माझे वडील मेलेल्या माणसांच्या आठवणीचे खांब कोरत. त्यावर घोडा, मोर, चंद्र, सूर्य असत. मी बाप्तिस्मा घेतला आणि ते काम सोडले. धाकटा भाऊ जालमसिंग रागावला, "बापाचा हात टाकलास ना? मग भाऊही टाक." त्याने आमच्या घरी येणे बंद केले.

पुढे माझी मुलगी रोहिणी आजारी पडली. चर्चच्या मंडळीत गाणी तीच सुरू करायची. आपण वाचणार नाही हे तिला कळले होते. म्हणाली, "बाबा, मला सिमेंटचा क्रूस नको. मोर काढून दे." मी सागवान घेतले. क्रूस पुरा झाला तेव्हा तिने मोराच्या पिसांवरून बोट फिरवले.

ती गेल्यावर मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे, बाज्या वसावे क्रूस पाहून म्हणाले, "हे जुन्या देवांचं आहे, भिलाभाऊ. कब्रस्तानात लावता येणार नाही."

"मोर कोणी घडवला, बाज्याभाऊ?"

ते मानले नाहीत. तेवढ्यात अंगणाबाहेरून जालमसिंग म्हणाला, "पोरगी माझीपण आहे. माझ्या शेतात आणा." इतक्या वर्षांनी तो आत आला आणि त्याने खांदा दिला. बाज्याभाऊ मागून आले. माती देताना रोहिणीचे गाणे त्यांनीच सुरू केले, पण त्यांना ते पुरे करता आले नाही.

ती जागा जालमसिंगच्या मालकीची आहे. माझ्या वारसांनी तिच्यावर हक्क सांगू नये. मला मात्र मंडळीच्या कब्रस्तानात ठेवावे. मंडळी माझीच आहे.

४. गेल्या वर्षी बाज्याभाऊ स्वतः घरी आले. चर्चसाठी लाकडी व्यासपीठ हवे होते. मी विचारले, "काय कोरू?"

म्हणाले, "तुला येतं ते."

चर्चमध्ये द्राक्षवेल कोरतात, पण ती मी जवळून कधी पाहिलेली नाही. म्हणून मोहाची फुले काढली. बाज्याभाऊ दचकले, "मोह? अरे, त्याची दारू होते!" मी म्हटले, "काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचं काय केलं होतं? द्राक्षारसच ना?" ते पोट धरून हसले.

आता नजर साथ देत नाही. व्यासपीठाची डावी बाजू कोरी आहे, ती चारुलताने करावी. माझी नक्कल करू नये. तिला येते ते कोरावे.

वरील मजकूर वाचून घेतला, तो मला मान्य आहे.

भिला नथ्थू गावित (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
१. जालमसिंग नथ्थू गावित (अंगठा)
२. बाज्या वसावे (सही)

ठिकाण: चिंचपाडा
दिनांक: १२ मार्च २०२४