बायकोच्या फोनमधली चार अंडी

आत-बाशी, मार्चचा तिसरा आठवडा

आदरणीय साडूभाऊ शामिर्कान यांना धाकट्या साडूचा, म्हणजे तेंतीमिशचा, सलाम.

तुमची प्रकृती ठणठणीत असावी, कालिपाताईंचा रक्तदाब ताळ्यावर असावा, मेंढ्या सुखरूप व्यायल्या असाव्यात आणि राजम्याची जमीन वेळेवर नांगरून झाली असावी, अशी आशा आहे. चार वर्षांनी माझं पत्र आलेलं पाहून तुम्ही पाकीट उजेडासमोर धरून पाहिलं असणार. मीही तेच केलं असतं. आत फक्त कागद आहे.

झूराकानच्या गुडघ्याचं ऑपरेशन बिश्केकला झालं. (हे तुम्हाला कळलं नसेलच. कळलं असेल तर कुणाकडून, ते उलट टपाली कळवावं.) गुडघा चांगला आहे, तीन आठवडे तिथंच राहायचं आहे. सून सोबत गेली. मला जायचं होतं, पण नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या अकरा मेंढ्यांनी व्यायचं ठरवलं. त्यांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही; पण दरवर्षी त्या दोन-दोन करून वितात, यंदाच सगळ्या एकदम कशा?

निघताना झूराकाननं बटणांचा छोटा फोन स्वतःजवळ ठेवला आणि मोठा फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "अहो, माझी चार अंडी आहेत. मरू देऊ नका. बाकी काही विसरलात तरी चालेल." मी मान डोलावली आणि गाडी गेल्यावर कोंबड्यांच्या खुराड्यात गेलो. तिथं सहा होती. आता यातली तिची चार कुठली, या विचारात मी अर्धा दिवस घालवला. शेवटी दवाखान्यात फोन केला, तेव्हा खुलासा झाला. अंडी फोनमध्ये आहेत. ड्रॅगनची आहेत. तुमची मेहुणी, जिला मी एकेचाळीस वर्षं ओळखतो असं समजत होतो, ती गेली दोन वर्षं फोनमध्ये ड्रॅगन पाळते आहे. नर आहेत, माद्या आहेत, मिळून त्रेसष्ट जनावरं! आणि मी समजत होतो की ती हवामान बघते.

मी फोन उघडला, आणि पहिल्याच क्षणी मला संशय आला. प्रत्येक अंड्याखाली एक आकडा होता: आजवर किती अनोळखी लोकांनी हे अंडं पाहिलं. एकाला दोनशे बारा जणांनी पाहिलं होतं. साडूभाऊ, आपल्याकडे तान्ह्या पोराला चाळीस दिवस शेजारणीलासुद्धा दाखवत नाहीत, आणि ही बाई आपली अंडी चव्हाट्यावर मांडून बसलेली. कोपऱ्यात 'धुकं' नावाचं बटण होतं. ते दाबलं की अंडं झाकलं जातं, कुणाला दिसत नाही. मी चारही अंडी झाकली. वर दृष्ट लागू नये म्हणून अर्च्याच्या झाडाची डहाळी पेटवून फोनभोवती तीनदा धुरी फिरवली. (फोनच्या काचेला एका बाजूला पिवळा डाग पडला आहे. तो आधीपासून होता असं माझं म्हणणं राहील.) मग समाधानानं मेंढ्यांकडे गेलो.

तिसऱ्या दिवशी दोन अंडी मेली.

नवशिक्यांनी प्रश्न विचारायचं तिथं एक पान आहे. मी तिथं रीतसर लिहिलं, की माझी दोन अंडी कडेकोट बंदोबस्तात असताना मेली, याला जबाबदार कोण? 'सुकलेलं जर्दाळू' या नावाच्या कुणा बाईनं (बाईच असावी, बोलणं तसंच होतं) दहा मिनिटांत उत्तर दिलं: "आजोबा, लोकांनी पाहिलं की अंड्याला ऊब मिळते. लपवून ठेवल्यावर ते फुटणार कसं?" मी आजोबा आहे हे हिला कसं कळलं, हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवला. विचारलं, "मग दृष्ट लागत नाही का?" तर म्हणाली, "लागते ना! एकदम फार जणांनी पाहिलं तर कवच मऊ पडतं, अंडं आजारी पडतं. तेव्हा झाकायचं." म्हणजे कुणी पाहिलं नाही तर मरणार, फार पाहिलं तरी मरणार. घरात मुलगी लग्नाची झाली की जी तारांबळ उडते, तीच सात दिवस फोन हातात धरून करायची. त्या पानावर मी एकंदर चौतीस प्रश्न विचारले. मादी नराकडे पाठ फिरवून बसते ती आजारी की रुसलेली? आठवड्यातून एकदाच जोडी का लावता येते? जोडी लावल्यावर 'अंडं झालं नाही' असा निरोप येतो, तो कोण पाठवतं आणि त्यानं स्वतः तपासलं का? पंचविसाव्या प्रश्नानंतर जर्दाळूबाईंनी मला विचारलं, "आजोबा, तुम्ही पोलिसात होता का?" मी कळवलं की मी सरकारी अश्वपैदास केंद्रात एकतीस वर्षं वंशावळीची वही लिहीत होतो.

आणि इथंच पत्राचा मूळ विषय सुरू होतो. वंशावळ लिहिणाऱ्या माणसाला जनावर दिसलं की आधी आईबाप विचारायची खोड असते. प्रत्येक ड्रॅगनच्या चित्रावर बोट ठेवलं की त्याचे आईबाप दिसतात. मी पहिल्यावर बोट ठेवलं. मादी झूराकानची, नर 'काळा गरुड' नावाच्या मालकाचा. दुसऱ्यावर ठेवलं: मादी झूराकानची, नर काळ्या गरुडाचा. तिसरा, चौथा, नववा, तेच. साडूभाऊ, मी वही काढली. दोन वर्षांत तुमच्या मेहुणीच्या माद्यांना त्या एकाच इसमाच्या नरांपासून एकोणतीस पिल्लं झाली आहेत! आणि त्यातली निम्मी त्यानं तिला भेट म्हणून परत दिली आहेत. नवरोजला एक, तिच्या वाढदिवसाला दोन. मी तिच्या वाढदिवसाला काय दिलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. एक पंप दिला होता, विहिरीचा.

मी सदुसष्ट वर्षांचा आहे. या वयात माणसाला मत्सर वाटू नये, पण वाटला. मी दोन दिवस धड जेवलो नाही. गावात ज्याच्या हातात मोठा फोन दिसेल त्याच्याकडे रोखून बघू लागलो. आमच्या डाकबाबूंना (त्यांच्या टोपीवर गरुडाचं पीस असतं) मी चहाला बोलावून दीड तास आडून आडून प्रश्न विचारले. त्यांना वाटलं मला वारसांची कागदपत्रं करायची आहेत; त्यांनी माझी प्रकृती विचारली आणि जाताना माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

मग मी पिल्लांची नावं वाचू लागलो. नावं ठेवायचा मान मालकाचा असतो. काळ्या गरुडाच्या पिल्लांची नावं अशी: 'वाकड्या शिंगाची गाय', 'आईचा समोवार', 'पुलाखालचा कुत्रा'. कुणा परपुरुषाला प्रेमात असली नावं सुचतील? त्याखाली दोन भाऊ होते, एकाच वेळच्या अंड्यांतले, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. एकाचं नाव 'शामिर्कान'. दुसऱ्याचं नाव 'तेंतीमिश'. माझ्या नावाच्या प्राण्याखाली टीप होती: 'चिडका आहे. गोड खायला दिलं की गप्प बसतो.' (तुमच्या खालची टीप मी इथं लिहीत नाही. तुमच्याच घरी विचारा.)

मी काळ्या गरुडाला लिहिलं: "आपण कोण आहात?"

उत्तर ताबडतोब आलं. "तेंतीमिश? अरे, तू तिच्या फोनवर काय करतोयस? तिचा गुडघा कसा आहे? आणि अंडी का झाकलीस, मेल्या?"

मला 'मेल्या' म्हणणारी बाई या पृथ्वीवर एकच आहे, आणि तुम्ही तिच्याशी पन्नास वर्षं संसार करता आहात.

म्हणजे साडूभाऊ, प्रकार असा. चार वर्षांपूर्वी आपण दोघांनी एकमेकांच्या घरी पाऊल न टाकायचं ठरवलं, आणि बायकांनाही तेच सांगितलं. त्यांनी ऐकलं. एकदाही आल्या-गेल्या नाहीत. फोनसुद्धा केला नाही, कारण आपण दोघं आपापल्या बायकोशेजारी कान देऊन बसत होतो. मग कालिपाताईंना हा खेळ सापडला. या दोन बहिणी दोन वर्षं रोज एकमेकींची अंडी बघतायत. ऊब म्हणतात ती हीच. त्या दोनशे बारामधल्या दोनशे नजरा एकट्या ताईंच्या होत्या की काय, अशी आता मला शंका आहे.

उरलेल्या दोनपैकी एक अंडं काल फुटलं. बाप काळा, आई तपकिरी, आणि पिल्लू लालभडक! मी लगेच नवशिक्यांच्या पानावर गेलो आणि लिहिलं की नोंद खोटी आहे, बाप दुसराच कोणीतरी असणार. जर्दाळूबाईंनी लिहिलं: "आजोबा, आजीचा रंग कधीकधी दोन पिढ्यांनी वर येतो. वंशावळीची वही लिहायचात ना?"

मी फोन खाली ठेवला आणि तबेल्यात जाऊन बसलो.

तुम्ही मला साठीला ती तपकिरी गाभण घोडी दिलीत. बाप तुमचा नामांकित काळा, असं म्हणालात. शिंगरू लाल झालं. पुतण्याच्या लग्नात चाळीस माणसांसमोर, तुमच्या पुढ्यात मेंढ्याची मानाची मुंडी ठेवलेली असताना, मी उभा राहिलो आणि विचारलं, "साडूभाऊ, खरा बाप कोण?" तुम्ही सुरी खाली ठेवलीत आणि न जेवता उठलात. काळा आणि तपकिरी मिळून लाल होऊ शकतो, हे मला एकतीस वर्षं माहीत होतं. शेकडो वेळा ते माझ्या हातानं वहीत लिहिलं आहे. फक्त तुमच्या बाबतीत आठवलं नाही. तुम्ही मला काहीही न मागता इतकं मोठं जनावर कसं दिलंत, हेच मला समजत नव्हतं; आणि जे समजत नाही त्यात काहीतरी काळंबेरं असणार, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. चूक माझी होती. हे वाक्य मी तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलं आहे, खालचा कागद फाटला आहे तो त्यामुळे.

घोडा उत्तम निघाला आहे. पळतो.

आपला,
तेंतीमिश

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. ती दोन अंडी मेली हे झूराकानला अजून माहीत नाही. कालिपाताईंना सांगून तशीच दोन, त्याच नर-मादीची, गुपचूप मिळतील का? रंग तंतोतंत तोच हवा, ती ओळखते. आणि राहिलेल्या एका अंड्याला गुरुवारपर्यंत अजून साठ नजरा कमी पडतायत. तुम्हीही अंड्यावर तुमचा अंगठा एकदा लावावा, ती एक नजर धरतात. दुखत नाही, मी लावून पाहिला आहे.

ता. क. २. पाकीट चिकटवलं आणि झूराकानचा फोन आला. अंडी मेल्याचं तिला ती मेली त्याच दिवशी कळलं होतं. कसं, असं मी विचारलं; ती नुसती हसली. मागून कुणीतरी खोकलं. तो खोकला मी ओळखतो. मी म्हटलं, "कोण आहे तिथं?" ती म्हणाली, "कोण असणार? ताई आणि भावोजी. इथं येऊन चार दिवस झाले. भावोजी सफरचंदं सोलतायत." म्हणजे हे पत्र तलासला तुमच्या घरी पाठवण्यात अर्थ नाही. म्हणून पाकीट पुन्हा फोडून हे लिहितो आहे. उद्या सकाळच्या गाडीनं मीच ते बिश्केकला घेऊन येतो. मेंढ्यांकडे शेजारी बघेल. (तो लगेच हो म्हणाला. का, ते आल्यावर बघीन.) पत्र तुमच्या हातात देईन आणि वाचून होईपर्यंत बाहेर बाकावर बसेन. आत बोलावलंत तर येईन. नाही बोलावलंत तर परतीची गाडी तीनला आहे, तेही विचारून ठेवलं आहे.