पियूचं छान चाललंय

३ एप्रिल
आत्ताच नांदेडहून आलो. डोकं तापलंय. एका बारशात पियूच्या गालावर, अंगावर गरम वरण सांडलं, तेव्हापासून तिला तिथल्या दवाखान्यात तपासायला नेतोय. आज तपासणीनंतर एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं आम्हालाच प्रश्न विचारले. भाजलेल्या लहान लेकरांचं जगणं कसं चाललंय, ते मोजतात म्हणे. उत्तरं तीनच. कधीच नाही, कधी कधी, नेहमी.
मूल आनंदी असतं का? माझ्या आधी हे म्हणाले, "नेहमी." झोप नीट लागते? "नेहमी." हे सकाळी कचेरीत जातात, पोरगी झोपल्यावर येतात. तिनं खाजवू नये म्हणून हात धरून कोण बसतं?
मी म्हटलं, पियूलाच विचारा ना.
"चार वर्षांची आहे, ताई. इतक्या लहानांना विचारत नाहीत." उत्तरांच्या गुणांची बेरीज केली, हसली. "छान चाललंय की!"
छान.

६ एप्रिल
टँकर आजही नाही. व्रण दाबून धरणारा तो घट्ट अंगरखा रोज धुवायला सांगितलाय. कशानं धुवू? घामेजलेला तसाच घातला. पियू मान ओरबाडत राहिली. त्या प्रश्नांत पाण्याचा प सुद्धा नव्हता.
ह्यांना विचारलं, सगळ्याला नेहमी का म्हणालात? "बाहेरच्या माणसापुढं काय रडायचं?" मग खाली बघत, "मला तिच्याकडं बघवत न्हाई गं."
तरी राग गेला नाही.

९ एप्रिल
पियूची बालवाडी मी पहिलीला शिकवते त्याच शाळेतली. तरी तिथल्या बाईंनी पियूला हाताला धरून माझ्या वर्गात आणून सोडलं. "लेकरं भेतेत मॅडम. त्यांच्या आया भांडायला येऊन राहिल्या. गाल बरा होऊ द्या, मग आणा."
गाल बराच झालाय. तो आता असाच राहणार आहे.
मुख्याध्यापक सरांकडं गेले. टेबलावर नव्या जिल्ह्याच्या मोर्चाची पत्रकं. "उदगीर जिल्हा झाला की इथंच मोठा दवाखाना होतो बघा. नांदेडच्या चकरा बंद." म्हटलं, सर, जिल्हा होईल तेव्हा होईल. आज चटईवर एवढीशी जागा द्या.
सर पत्रकं नीट लावत बसले.

११ एप्रिल
पियूला माझ्याच वर्गात बसवलं. कुणाला विचारलं नाही. सर दारात. "नियमात बसत न्हाई मॅडम. पालक तक्रार घेऊन आले तर?"
"येऊ द्या. माझ्याकडं पाठवा."
आवाज चढला माझा. पियू रडली नाही, पण अंगरख्याची बाही ओढत राहिली, ओढत राहिली...
"वर कळवावं लागेल," सर म्हणून गेले.

१८ एप्रिल
नांदेड. ह्यांना बाहेर बसवलं. तीच मुलगी, तेच प्रश्न. "इतर मुलांबरोबर खेळते का?"
म्हटलं, आधी हे विचारा, इतर मुलं तिला खेळायला घेतात का.
"असा प्रश्न नाहीये, ताई."
"म्हणजे मोजायचं ते माझ्या पोरीलाच? अन् ह्या लोकांना कोण मोजणार?" ओरडलेच मी. ती गोरीमोरी झाली. मग उठून पियूजवळ खाली बसली. "शाळेत तुझ्या शेजारी कोण बसतं गं?"
"दप्तर," पियू म्हणाली.
त्या मुलीनं हातातला कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. नंतर मलाच विचारलं, "हे कुठं लिहू?"
मला काय माहीत.

परतीच्या गाडीत सरांचा फोन. "वरून विचारणा आलीय. उद्या तिला आणू नका."
"आणणार."
"मग मला लेखी द्यावं लागेल तुमच्याविरुद्ध."
द्या म्हटलं, फोन ठेवला. ह्यांनी सगळं ऐकलं. वाटलं, आता माझी समजूत घालतील. पियू माझ्या मांडीवर झोपली होती. हे बराच वेळ तिच्या गालाकडं बघत राहिले. पहिल्यांदाच. मग म्हणाले, "उद्या मी पण येतो शाळेत."
येतील का, सकाळी कळेल. आम्ही दोघी तर जाणारच.